शेगडीचा नवस

हा अनुभव सांगितला की ऐकणारी बाई हात जोडते आणि म्हणते, किती शांतपणे तुम्ही सगळं देवीवर सोपवलंत. मी काहीही शांतपणे सोपवलं नव्हतं. मला राग आला होता. सासूचा, नवऱ्याचा, माझ्या स्वतःच्या पायांचा, आणि सगळ्यांत जास्त हर्सूलच्या देवीचा. तो राग वगळून लिहिलं तर हा अनुभव माझा राहणार नाही, म्हणून होता तसाच लिहिते.

निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. औरंगाबादेत दिल्ली दरवाजाच्या आतल्या अंगाला आमचं घर होतं. यजमान मुलकी कचेरीत अहलकार होते, म्हणजे कारकून. दिवसभर उर्दूत लिहायचे आणि घरी आल्यावर कुठल्याच भाषेत बोलायचे नाहीत. घरात सासूबाई होत्या, त्यांना मी आत्याबाई म्हणत असे, आणि थोरले दीर व जाऊबाई. जाऊबाईंचं लग्न होऊन बरीच वर्षं लोटली होती, पण त्यांची कूस उजवली नव्हती. माझी आई मी परकरात असतानाच गेली आणि वडील पाठोपाठ, त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी करायचा प्रश्नच नव्हता. जे व्हायचं ते आत्याबाईंच्या हाताखाली व्हायचं होतं.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत माझ्या उजव्या डोळ्यापुढे धुकं आलं. महिनाभर राहिलं आणि आपोआप गेलं. मग तळपायांना मुंग्या येऊ लागल्या, त्या गुडघ्यापर्यंत चढल्या. जात्यावर बसून मान खाली घातली की पाठीतून झिणझिण्या थेट टाचेपर्यंत जायच्या. हातातली वाटी मला न विचारता सुटायची. वाईट म्हणजे हे सगळं येऊन-जाऊन होतं. सकाळी मी आडाचं पाणी शेंदायची आणि दुपारी मला उंबरा ओलांडता यायचा नाही. एकदा कायमची लंगडी झाले असते तर लोकांनी हळहळ तरी केली असती. येणाऱ्या-जाणाऱ्या दुखण्याला घरोघरी एकच नाव असतं. आत्याबाई शेजारणींना सांगायच्या, "काम निघालं की हिचे पाय जातेत. जेवायला बसली की येतेत." सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गुडघ्यावर ठोकून पाहिलं, नसांची काहीतरी कमजोरी आहे म्हणाले आणि ताकदीचं औषध दिलं. यजमानांनी ते निमूट आणलं. "तुमचा तरी माझ्यावर विश्वास आहे का?" असं मी त्यांना एकदा विचारलं. ते म्हणाले, "औषध घेत जा." त्या उत्तराचा राग मला अजून आहे.

मला दिवस राहिले आणि गंमत अशी की दुखणं जरा मागे हटलं. चौथ्या-पाचव्या महिन्यात तर मी जिने चढत होते. मला वाटलं, सुटले. मग सातवा लागला आणि आत्याबाईंनी बाळंतपणाची तयारी सुरू केली.

त्या तयारीविषयी सांगायलाच हवं, कारण सगळं तिथंच घडलं. आमच्याकडे बाळंतपण म्हणजे शेक. बाज, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, ओवा-शेपांची धुरी, कढत पाण्याची अंघोळ, खिडक्यांच्या फटींत कोंबलेली फडकी. वारा लागला की वात झाला, असं सगळ्या बायका धरून चालायच्या. आत्याबाईंनी गोवऱ्या रचल्या, डिंक आणला, नवी शेगडी घेतली. आणि माझे पाय मुळातच लुळे म्हणून त्यांनी शेक आधीच सुरू केला. रोज सकाळी गरम तेलाचं मर्दन आणि अंगाला चटके बसतील असं पाणी. हे त्या द्वेषानं करत नव्हत्या, हे मला तेव्हाही कळत होतं. भल्या पहाटे उठून, चुलीत फुंकर घालून, डोळे लाल करून त्या माझ्यासाठी पाणी तापवायच्या. पण त्या न्हाणीतून मी बाहेर येईपर्यंत माझे पाय लाकडं होऊन गेलेले असायचे, डोळ्यापुढे धुकं आणि जीभ जड. मग त्या उद्या आणखी कढत पाणी काढायच्या.

असंच एकदा मला न्हाणीतून धरून बाजेवर आणून टाकलं, आणि आत्याबाईंनी माझे केस पुसता पुसता सांगितलं, "लेकरू झालं की थोरलीच्या वटीत घालायचं. तुला वाटीबी धरता येत नाय, लेकरू काय धरशील? समदे घरातच हावोत. दूर का जायलंय ते?"

मी दाराकडे पाहिलं. यजमान दारात उभे होते. त्यांनी डोक्यावर टोपी घातली आणि कचेरीत गेले. म्हणजे हे आधीच ठरलेलं होतं. जाऊबाई स्वयंपाकघरात होत्या, त्यांच्या बांगड्यांचा आवाज एकदम थांबला. मला ओरडायचं होतं, पण जिभेवरचा जडपणा उतरला नव्हता. जे माझ्या पोटात पाय मारत होतं ते माझ्या हातात राहणार नव्हतं, आणि मला "नाही" एवढंही नीट म्हणता आलं नाही.

त्यात भर नवसाची होती. मला दिवस जावेत म्हणून आत्याबाई हर्सूलच्या देवीला बोलल्या होत्या की गर्भ राहिला तर सून सातव्या महिन्यात अनवाणी चालत येऊन तुझी ओटी भरेल. बोलल्या त्या, पाय माझे. आमच्याकडे हे नवल नाही; नवस घरातलं मोठं माणूस बोलतं आणि ज्याच्यासाठी बोललं त्यानं तो फेडायचा. मी म्हटलं, टांग्यातून जाऊ, देवळाच्या पायरीपासून चालते. आत्याबाईंचा चेहरा उतरला. "देवीला फसवू नको, माय. तिनं दिलंय ते ती वापसबी घेती." देवीची त्यांना खरीच भीती होती. त्यांच्या नवसाशी त्या कधी खोटं वागल्या नाहीत. हे पुढे माझ्या कामी आलं.

चैत्रातला मंगळवार ठरला. ऊन व्हायच्या आत निघायचं होतं, पण देवीच्या दर्शनाआधी तेल, उटणं आणि कढत पाणी झालंच पाहिजे होतं. त्यात वेळ गेला आणि आम्ही दिल्ली दरवाजातून बाहेर पडलो तेव्हा रस्ता तापायला लागला होता. आत्याबाईंच्या हातात ओटीचं ताट, खण-नारळ आणि तांदूळ. मी मागून. वेशीबाहेरची घरं संपली, झाडं विरळ झाली, आणि खाम नदीच्या जवळ आलो तेव्हा माझ्यापुढचा रस्ता दुधासारखा पांढरा झाला. आधी उजवा डोळा गेला, मग डावा. तळपायाखाली फुफाटा आहे हे मला माहीत होतं, पण पायांना ते कळत नव्हतं. मी बाभळीखाली बसले ती उठलेच नाही. आत्याबाईंनी हाका मारल्या, काखेत हात घालून ओढून पाहिलं. मग त्या रडवेल्या झाल्या. "हितंच बस. हालू नको. गावातनं गाडी घेऊन येते." ताट माझ्याशेजारी ठेवून त्या गेल्या.

बाभळीची सावली ती काय असणार. पोटातलं लेकरू हलत नव्हतं, निदान मला कळत नव्हतं. दिसत काही नाही, उठता येत नाही, आणि शेजारी देवीच्या ओटीचं ताट. मी चाचपून ते पुढ्यात ओढलं आणि देवळाच्या दिशेनं म्हणून कुठल्यातरी दिशेला तोंड करून बोलायला लागले. प्रार्थना नव्हती ती. मी तिला अगं-तुगं केलं. म्हटलं, तुला ओटी पाहिजे ना, मग ये आणि इथून घेऊन जा, तुझे पाय धड आहेत. मी चालत येऊन तुझी ओटी भरायची आणि तू माझी भरलेली ओटी दुसरीच्या पदरात रिकामी करायची? बाई आहेस ना तू? द्यायचं नव्हतं तर कशाला दिलंस? आणि दिलंस तर धरायला हात का नाही दिलेस? मी खूप बोलले. घसा बसेपर्यंत बोलले. त्यातलं सगळं इथं लिहिण्यासारखं नाही.

"कोन गं तू? कुनाला शिव्या घालायलीस?" असा बाईचा आवाज आला.

"देवीला," मी म्हटलं.

"घाल की. पर उनात बसून कशाला? पोटुशी बाई, डोस्कं फिरलं का तुजं?"

मला दिसत नाही, पाय चालत नाहीत, असं मी सांगितलं. त्यावर ती "अरं द्येवा" वगैरे काही म्हणाली नाही. "मला लई काम हाय," एवढं म्हणाली, आणि माझ्या पाठीमागून काखेत हात घालून तिनं मला उभं केलं, अर्धं उचलून अर्धं ओढत उतारावरून खाली नेलं. तिच्या अंगाला मेंढरांचा वास येत होता. खाली पाण्याचा, मेंढ्यांच्या ओरडण्याचा आवाज होता. ती धनगराची बाई होती. कातरणीच्या आधी मेंढ्या डोहात घालून धुतात, ते काम तिकडे चाललं होतं. पाणी आणायला तिच्याजवळ भांडं नव्हतं, म्हणून तिनं मलाच पाण्यात नेऊन बसवलं. छातीपर्यंत. लुगड्यासकट, सातव्या महिन्यातल्या पोटासकट. "बस आता हितं," म्हणाली आणि पुन्हा आपल्या मेंढ्यांकडे गेली.

पाणी थंडगार होतं. पहिल्यांदा दचकले, मनात आलं, वात होईल, मरेन. मग वाटलं, मरू दे. बसून राहिले. आजूबाजूला मेंढ्या ढुशा देत होत्या, पाण्याला लोकरीचा तेलकट वास होता. किती वेळ गेला ते सांगता यायचं नाही. पांढऱ्या धुक्यात एक काळा ठिपका आला, तो मोठा झाला, आणि ते एका मेंढीचं तोंड निघालं. मग पलीकडे त्या बाईचे चुडे दिसले, मेंढीचे पाय धरून तिला खळखळ धुणारे हात दिसले. मग पायांना खालचा चिखल लागला. म्हणजे चिखल आधीपासून होता, मला तो कळायला लागला. पोटातल्या लेकरानं एक लाथ मारली, चांगली जोरात. मी रडायला लागले आणि रडता रडता उभी राहिले. कुणी धरलं नव्हतं.

तिथं उभ्या उभ्या माझ्या डोक्यात एकेक गोष्ट येत गेली. पाय जातात ते न्हाणीतून आल्यावर. चुलीपुढे भाकरी टाकताना. दुपारच्या उन्हात. म्हणजे उष्णतेनं जातात. आणि घरी माझ्यासाठी नवी शेगडी आणून ठेवलेली. त्या डोहात, हातांची ओंजळ करून, मी आयुष्यातला पहिला स्वतःचा नवस बोलले. म्हटलं, आई, माझ्या बाळंतपणात शेगडी पेटणार नाही, धुरी होणार नाही, कढत पाणी माझ्या अंगावर पडणार नाही. एवढं पार पाडून घे, लेकरू माझ्या हातात ठेव, मग मी तुझ्यावर रागावले तरी दर चैत्रात तुझ्या दारात येईन.

आत्याबाई बैलगाडी घेऊन आल्या आणि मला डोहात पाहून त्यांनी कपाळ बडवून घेतलं. "मारलीस का गं हिला!" धनगरणीनं मान वर न करता उत्तर दिलं, "उबी हाय न्हवं पोरगी? मंग कशाला वरडायलीस, आजे?" तिचं नावगाव विचारायचंही मला सुचलं नाही. आत्याबाईंनी बाभळीखालचं ताट उचललं, आणि ओल्या लुगड्यानं मी हर्सूलपर्यंत राहिलेली वाट चालले. गाडी मागून रिकामी आली. देवीची ओटी मी माझ्या हातांनी भरली आणि तांदळाचा एक दाणा खाली सांडला नाही.

तुम्हाला वाटेल, इथं सगळे सुधारले. छे. घरी आल्याबरोबर हंडा चढला. मी माझा नवस सांगितला. आत्याबाई म्हणाल्या, "आसला नवस आसतो का कुठं? देवीला काय द्यायचं ते बोलावं. तू तर मागायलीस." गार पाण्यानं न्हायला मी भांडून मिळवलं, तेही आडावर पहाटे, सगळ्या गल्लीला ऐकू जातील अशी बोलणी खाऊन. थंड पाण्यानं बाई वेडी होते असंही ऐकलं. मी यजमानांना सगळं सांगितलं. ते जमिनीकडे बघत म्हणाले, "आईला विचार." त्या उत्तराचाही राग मला अजून आहे. माझे पाय त्या दिवसांत चालत होते, माझ्या हातातून वाटी सुटत नव्हती, आणि तरी शेगडी आपल्या जागी होती आणि जाऊबाई गुपचूप दुपटी शिवत होत्या.

कळा सुरू झाल्या त्या ज्येष्ठातल्या दुपारी. हमीदाबी नावाची आमच्या गल्लीतली सुईण आली. निम्म्या गल्लीचे जन्म तिच्या हातचे होते. खोलीचं दार लागलं, फटींत फडकी गेली, आणि आत्याबाईंनी शेगडी पेटवून बाजेखाली सरकवली. कळा येत होत्या त्याचं काही नाही, त्या सोसायला मी तयार होते. पण हळूहळू हमीदाबीचं तोंड धुक्यात गेलं आणि माझे पाय मला सापडेनात. ती म्हणत होती, "जोर लगा बेटी, पाँव टेक," आणि टेकायला माझ्याकडे पाय नव्हते. ती घाबरली हे तिच्या आवाजातून कळलं. "बिबी, इसकू हवा होना. खिडकी खोलतिऊं मैं."

"नक्को," आत्याबाई म्हणाल्या. "वारा लागंल. बाळंतीण हातची जाईल."

तेव्हा माझी जीभ जड झाली होती, तरी मी बोलले. एकेक शब्द ढकलत बोलले. "आत्याबाई, तुम्ही बोललेला नवस मी अनवाणी चालून फेडला. आता मी बोललेला तुम्ही फेडा. नाहीतर तुम्हीच देवीला सांगा की तुमच्या घरात सुनेचा नवस मोडतात."

मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं. मी फक्त ऐकलं. बाजेखालून शेगडी फरशीवर घासत बाहेर निघाली. आत्याबाईंनी ती पदरात धरून उचलली, दार उघडलं आणि अंगणात नेली. पाणी ओतल्याचा चर्र आवाज आला. परत आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर आडाच्या पाण्याची कळशी होती. त्यांचा पदर जळला होता, त्याचा वास खोलीभर झाला. त्यांनी पंचा भिजवून माझ्या कपाळावर ठेवला, मग मानेखाली, मग पायांवर. हमीदाबीनं खिडकी उघडली.

मुलगी झाली, दिवस मावळायच्या आत.

जाऊबाई दुपटं घेऊन दारात आल्या. नवं, मऊ, हातानं शिवलेलं. त्यांचे डोळे मी पाहिले, तोपर्यंत मला पुन्हा दिसायला लागलं होतं. त्यांच्यावर मला रागावता आलं नाही. त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं. हमीदाबीनं लेकीला पुसून उचललं आणि विचारलं, "किसके पास देऊं?" आत्याबाईंकडे पाहून विचारलं. मी दोन्ही हात पुढे केले. ते स्थिर होते. आत्याबाईंनी माझ्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "जिचा नवस, तिच्यापाशी."

यानंतर मी बरी झाले असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तीन-चार महिन्यांनी दुखणं उलटून आलं, आधीपेक्षा वाईट. मी कितीतरी दिवस अंथरुणावर होते. लेक माझ्या कुशीत प्यायची आणि तिला न्हाऊ-माखू जाऊबाई घालायच्या. मी हाक मारली की तिला माझ्याजवळ आणून ठेवायच्या, एकदाही उशीर केला नाही. आज लेक आम्हा दोघींना आई म्हणते, पण तिला कुणी कुणाच्या ओटीत घातलं नाही. पुढे ती शिकली, तिनं मला मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथं या दुखण्याला मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतात असं कळलं, आणि उष्णतेनं ते उसळतं हेही. ते नाव ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. मला आधी राग आला. हे नाव तेव्हा असतं तर मला कुणी नाटकी म्हटलं नसतं.

लोक विचारतात, ती धनगरीण देवीच होती का. मी नंतर पुष्कळ चौकशी केली, ती कधी सापडली नाही, हे खरं. पण देवीला मेंढ्या धुवायच्या असतात का, मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की मी तोंडाला येईल ते बोलले आणि मला कुणी गप्प बसवलं नाही. "घाल की," म्हणाली, आणि उचलून सावलीपेक्षा थंड जागी नेऊन ठेवलं. शरण जाणं म्हणजे मान खाली घालणं असं मला शिकवलेलं होतं. माझी मान खाली गेली की माझ्या पाठीतून झिणझिण्या जातात. मी मान वर करूनच शरण गेले, आणि ते चाललं.

दर चैत्रात जाते. आता लेक रिक्षातून नेते, पायरीपासून मला धरते. ओटी भरून झाली की मी तांब्याभर गार पाणी देवीच्या पायांवर घालते. पुजारी कुरकुरतात, मी लक्ष देत नाही. तिलाही उकडत असेल. मग तिला जे सांगते ते दर वर्षी तेच असतं. आई, मी अजून रागावलेली आहे. पण आलेय.